धनुष्यासाठी लाकूड शोधताय? या चुका टाळा

परवा परभणीकडच्या एका पोराचा फोन आला, म्हणे दादा, यूचं (इंग्रजीत yew म्हणतात त्या झाडाचं) लाकूड आपल्याकडं कुठं मिळंल, पैसे किती बी लागू द्या. असे फोन आता नेहमीचेच झालेत. पोरं व्हिडिओ बघायलेत, त्यात इंग्लंड-अमेरिकेतली माणसं यू तासत बसलेली दिसतात, मग यांना वाटतं यू नसंल तर धनुष्यच होत नाही. मी आठ-नऊ वर्षं घरामागच्या पत्र्याच्या शेडात धनुष्यंच बनवतोय, त्यात लाकूड बी पुष्कळ वाया गेलं, आणि एक गोष्ट पक्की कळाली की धनुष्य तासताना कमी बिघडतं, लाकूड निवडताना, तोडताना आणि वाळवताना जास्त बिघडतं. तेवढ्यावरच लिहितो.

तर पहिली चूक म्हणजे यूच्या मागं लागणं. हे थंड मुलखातलं झाड आहे, मराठवाड्यात किनवटपासून बालाघाटापर्यंत कुठंच सापडणार नाही. आपल्या देशात त्याचा भाऊबंद हिमालयात आहे, उत्तराखंडात त्याला थुनेर म्हणतात, पण त्याच्या सालीपानात कॅन्सरवरच्या पॅक्लिटॅक्सेल औषधाचा कच्चा माल मिळतो म्हणून लोकांनी ते इतकं ओरबाडलं की झाडच धोक्यात आलं, आणि देशाबाहेरच्या व्यापारावर साइट्स (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय) कराराचं बंधन आहे. कुणी तिकडून गुपचूप आणून देतो म्हणाला तर घेऊ नका. शिवाय यू विषारी असतो, त्याचा भुसा नाकातोंडात जाऊ देणं बरं नाही.

पण यू एवढा नावाजला का, हे समजून घ्या, कारण आपलं लाकूड ओळखायला तेच कामाला येतं. धनुष्य वाकलं की समोरच्याकडची बाजू (तिला आपण पाठ म्हणू) ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू (पोट) दबते. यूमधे सालीखालचं पांढरं लाकूड ताण मस्त सोसतं, आतला तांबूस गाभा दाब सोसतो, आणि दोन्ही एकाच दांड्यात जोडलेले मिळतात. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात जो पाचेक हजार वर्षांपूर्वीचा माणूस सापडला त्याच्याजवळ यूचंच धनुष्य होतं, अर्धवट तासलेलं, १८२ सेंटिमीटरचं. पुढं इंग्लंडला यू इतका कमी पडायला लागला की १४७२ मधे त्यांनी कायदाच केला, बाहेरून माल घेऊन येणाऱ्या जहाजानं दर टनामागं धनुष्याचे चार दांडे आणलेच पाहिजेत.

आता आपल्याकडं बघा. बांबूच्या बाहेरच्या हिरव्या अंगात रेषे (लाकडातले उभे तंतू) एकदम दाट असतात, आत जावं तसे विरळ होतात. म्हणजे ताण सोसणारी पाठ बांबूला जन्मतःच मिळालेली आहे. आपल्या आदिवासी भागातली धनुष्यं बांबूची असतात ती उगीच नाही. त्यातला मानवेल जातीचा बांबू घ्या, तो भरीव किंवा जाड भिंतीचा असतो. दुसरं चांगलं लाकूड धामणीचं (सापाचं नाही, झाडाचं बोलतोय), कावडीच्या दांड्याला वापरायचे ते, लवचिक आणि चिवट.

दुसरी चूक, कडक ते चांगलं असं समजणं. ही चूक मी स्वतः केली म्हणून जोर देऊन सांगतो. बाभळीचं लाकूड बैलगाडीच्या चाकाला चालतं, नांगराला चालतं, मग धनुष्याला का नाही, असं मला वाटलं होतं. पण चाकाला वाकायचं नसतं, धनुष्याला दिवसातून दोनशे वेळा वाकून परत सरळ व्हायचं असतं. आणि बाभळीची फांदी सरळ मिळणं मुश्किल, मिळाली तरी गाठी अन् पीळ. पीळ कसा ओळखायचा ते बघून घ्या. झाडाच्या सालीवरच्या भेगा खालून वर सरळ चालल्यात का खोडाभोवती तिरप्या गोल फिरल्यात ते बघा, तिरप्या असतील तर आतला रेषा पण तसाच फिरलेला असतो, लाकूड फोडलं की पंख्याच्या पात्यासारखं निघतं आणि त्याचं धनुष्य हातात नुसतं कलतं. असलं झाड तोडूच नका, राहू द्या उभं.

आता बांबूचं वय, इथं सगळ्यात जास्त पोरं फसतात. बांबू एकाच पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो आणि नंतर जाड होत नाही, फक्त आतून पक्का होत जातो. त्यामुळं एक वर्षाचा अन् चार वर्षांचा बांबू बेटात शेजारी शेजारी सारखेच दिसतात. पहिल्यांदा मी गावातल्या बुरूड मामांना माझा तोडलेला बांबू दाखवला, हिरवागार, गुळगुळीत, मला तर लई भारी वाटत होता. मामांनी नखानं अंगावरची पांढरी पावडर खरवडली, गाठीजवळ चिकटलेलं खवलं उपटलं अन् म्हणले, "पोरा, हे कवळं हाय रे. वाळलं की सुरकुतंल." दीड महिन्यात तसंच झालं, भिंत चिंबली आणि पाठीवर लांब सुरकुत्या पडल्या. मामा बांबूवर कोयत्याच्या मुठीनं ठोकून आवाज ऐकतात, पक्क्या बांबूचा आवाज टणक येतो, कोवळ्याचा भद्द. अंगावर पावडर नाही, खवलं गळून गेलंय, पांढुरके-करडे डाग पडायला लागलेत असा तीन-चार वर्षांचा बांबू धरा. वाळून उभा राहिलेला जुना बांबू पण नको, तो चिरफळतो.

तोडायचा कधी? पावसाळ्यात आणि कोंब फुटायच्या टायमाला अजिबात नाही. तेव्हा बांबूत पाणी पण जास्त आणि पिठूळपणा पण, आणि त्या पिठुळावरच भुंगेरा येतो. दिवाळीनंतर ते माघापर्यंत तोडा. तरी भीती वाटत असंल तर फोडलेल्या पट्ट्या तीन-चार आठवडे हौदात बुडवून ठेवा, वर दगड ठेवून, पाणी मधून बदला, वास येतो पण कीड कमी लागते. शेडात बांबूखाली पिवळसर पिठाची ढिगुळी दिसली तर समजा आत भोकं पडलीत, त्या पट्टीचं धनुष्य करू नका, तुटताना तोंडाजवळ असतं ते.

कायद्याचं थोडक्यात. सरकारी जंगलातून परवानगीशिवाय काहीच तोडायचं नाही, वाळकं असलं तरी. २०१७ मधे केंद्राच्या वन कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला, त्यामुळं स्वतःच्या बांधावरच्या बांबूची कटकट कमी झाली. पण झाडांचं तसं नाही, राज्याचा १९६४ चा झाडतोड नियमनाचा कायदा आहे, त्याच्या यादीत साग, तिवस, खैर, चंदन, आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशी झाडं आहेत, ती आपल्याच शेतातली असली तरी आधी वन विभागाच्या ऑफिसात विचारा. आणि धनुष्य झालं की ससा-तितर मारायला निघणारे पण भेटतात, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, त्यासाठी मी कुणालाच मदत करत नाही.

आता वाळवणं, आपल्या भागात ह्यातच निम्मी लाकडं मरतात. युरोपातल्या सूचना वाचून लोक लाकूड उन्हात ठेवतात. अरे, तिकडचं ऊन अन् आपलं लातूर-परभणीचं एप्रिलचं ऊन सारखं आहे का? माझा धामणीचा पहिला दांडा मी पत्र्यावर टाकला होता, दुपारी दोनला आत जेवायला बसलो तर वरून कडकड आवाज यायला लागला, एक, थोड्या वेळानं दुसरा. वर चढून बघितलं तर दोन्ही टोकांपासून वीत-वीतभर भेगा आत गेल्या होत्या, इतक्या रुंद की नख आरामात जायचं. कारण साधं आहे, टोकातून पाणी सगळ्यात पटकन उडतं, टोक आकसतं, मधलं लाकूड अजून ओलं असतं म्हणून आकसत नाही, मग टोक फाटतं. म्हणून तोडल्या तोडल्या, तिथंच शेतात, घरी येईपर्यंत पण थांबू नका, दोन्ही टोकांना फेविकॉलचा जाड थर द्या, नसंल तर ऑइल पेंट, मेण काही पण. लागणाऱ्या लांबीपेक्षा वीतभर जास्तच कापा. मग पाचर मारून मधोमध फोडा, करवतीनं नको, फोडलं की रेषा कुठं चाललाय ते लाकूडच दाखवतं. साल काढली तर पाठीला पण फेविकॉल लावा. आणि सावलीत, जमिनीपासून वर, वारा खेळंल असं आडवं ठेवा.

वाळलं का ते अंदाजानं ठरवू नका. दांड्यावर खडूनं नंबर टाका आणि दर रविवारी वजन करा, मी शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर करतो. माझ्या वहीत एका धामणीच्या दांड्याची नोंद आहे, पहिल्या महिन्यात आठवड्याला शंभर-शंभर ग्रॅम उतरत होतं, मग चाळीस, मग दहा, मग तीन रविवार एकच आकडा. तेव्हा हात लावला. मधे घाई करून ओलंच वाकवलं तर धनुष्य तुटत नाही पण कायमचं वाकडं बसतं, परत सरळ होत नाही.

तासताना एकच लक्षात ठेवा, पाठीला हत्यार लावायचं नाही. धामणीची साल बोथट सुरीनं खरवडा, खालचं पहिलं लाकूड जसंच्या तसं राहू द्या. बांबूची हिरवी पाठ पण तशीच, गाठीचा उंचवटा दिसतो म्हणून रंधा मारून सपाट केला तर तिथले रेषे कापले जातात आणि पहिली चीर तिथूनच येते. जे काय कमी करायचं ते पोटाकडून.

आणि तयार झालेलं धनुष्य मे महिन्यात गाडीत ठेवू नका, पत्र्याला टेकवून पण नाही. आपल्याकडं तेव्हा हवा इतकी कोरडी होते की लाकूड ठिसूळ पडतं, जे धनुष्य श्रावणात मऊ वाटत होतं तेच मेमधे पूर्ण ओढलं की फुटतं. मी एप्रिल ते मृगापर्यंत माझी धनुष्यं आतल्या खोलीत माठाच्या बाजूच्या भिंतीला, दोरी उतरवून आडवी टांगतो आणि सकाळी सातच्या आतच चालवतो, ते पण आधी आठ-दहा वेळा अर्धवट ओढून.