अदिस अबाबात दिवसभर थांबायचं असेल तर

लेकीकडे जाता-येता इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबाच्या बोले विमानतळावर मी आतापर्यंत पाच वेळा थांबले. पहिल्या दोन खेपा खुर्चीतच गेल्या. तिसऱ्या खेपेला सकाळी सातला उतरले आणि पुढचं विमान रात्री अकराला होतं. तेव्हा मात्र मनाचा हिय्या करून बाहेर पडले. त्या दिवसापासून, कुणी अदिसमार्गे जाणार असं कळलं की मी त्यांना फोन करून हेच सगळं सांगते.

आधी तासांचा हिशेब करा. इमिग्रेशन, पैसे बदलणं, टॅक्सी यात दीड तास धरा. परतताना उड्डाणाच्या तीन तास आधी दारात हजर राहायचं. म्हणजे आठ तासांपेक्षा कमी वेळ असेल तर आतच थांबलेलं बरं. दहा-बारा तास असतील तर अर्धा दिवस खरोखर तुमचा असतो. ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरून घरूनच काढून ठेवा. काही तिकिटांवर विमान कंपनीच हॉटेल आणि ट्रान्झिट व्हिसा देते, ते तिकीट काढतानाच विचारून घ्या.

एक गोष्ट बरेच जण विसरतात, ती म्हणजे पिवळ्या तापाची लस. या तापाचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत इथिओपिया आहे. विमानतळातच थांबलेल्या प्रवाशांना लसीच्या दाखल्यातून सूट मिळते, पण शहरात पाऊल टाकलं की ती संपली. दाखला नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. एकदा घेतली की दाखला आयुष्यभर चालतो, म्हणून माझं ते पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच असतं.

मोठी बॅग थेट पुढे गेलेली असते, तेव्हा जाकीट हातातल्या पिशवीत ठेवा. अदिस समुद्रसपाटीपासून 2,300 मीटरहून उंच आहे, आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही सहा-सातशे मीटर वर. संध्याकाळी अंगावर काटा येतो आणि दोन जिने चढले की धाप लागते. गुडघे माझ्यासारखे असतील तर सावकाश चाला, पाणी पीत राहा. जून ते सप्टेंबर पाऊस असतो, छत्री लागतेच.

आता जायचं कुठे? सगळं शहर बघायचा नाद सोडा. एन्तोतोचा डोंगर, मेर्कातोचा बाजार हे पुढच्या खेपेला. मी अरात किलो ते सिदिस्त किलो या दोन चौकांमधला एवढाच पट्टा धरते. त्या वाटेवर राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि तिथे ल्युसी आहे. 1974 साली इथिओपियातल्या हदार इथे सापडलेला, माणसाच्या आदिम पूर्वजाचा सुमारे 32 लाख वर्षांपूर्वीचा सांगाडा, जवळजवळ चाळीस टक्के हाडं मिळालेला. इथिओपियात तिला दिन्कनेश म्हणतात, म्हणजे ‘तू अद्भुत आहेस’. सहसा मांडलेली असते ती प्रतिकृती, मूळ हाडं जपून ठेवलेली असतात. तरीही मी तिच्यासमोर पंधरा मिनिटं उभी होते. जेमतेम साडेतीन फुटांची. तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला, आदिमानवाचा धडा दरवर्षी घेतला, पण ‘दोन पायांवर चालू लागला’ या वाक्यातलं चालणं मला तिथे, त्या छोट्याशा गुडघ्याकडे बघताना कळलं. घाई करू नका. वरच्या मजल्यावरची चित्रं राहिली तरी चालतील.

तिथून जवळच पवित्र त्रैक्याचं कॅथेड्रल आहे. जोडे बाहेर काढायचे, बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यायची. आत सम्राट हैले सेलासी आणि सम्राज्ञी मेनेन यांच्या ग्रॅनाइटच्या समाध्या आहेत. सम्राट 1975 साली गेले, पण त्यांना इथे विधिवत विसावा मिळाला तो 2000 साली.

जेवणाची चिंता शाकाहारी माणसाने मुळीच करू नये. बुधवार आणि शुक्रवार हे तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या उपवासाचे वार, त्या दिवशी मांस, दूध, लोणी काहीच चालत नाही. एरवीही ‘त्सोम बेयायनेतू’, म्हणजे उपवासाचं मिश्र ताट, मागा. टेफ या तिथल्या बारीक धान्याच्या पिठाची, आंबवलेली, आपल्या आंबोळीची थोरली बहीण शोभेल अशी इंजेरा येते. तिच्यावर डाळी, पालेभाजी, बीट, कोबी यांचे गोल ढीग. शिरोही घ्या, गोड समजू नका. ते हरभऱ्यासारख्या कडधान्याच्या पिठाचं, पिठल्याच्या नात्यातलं कालवण असतं. मसाला झणझणीत असतो. उजव्या हाताने, सगळ्यांनी एकाच ताटात खायचं.

कॉफीसाठी मात्र तासभर राखून ठेवा. टपरीवरची घाईघाईची नको, गवत अंथरून, धूप लावून करतात ती. कच्चे दाणे तुमच्यासमोर भाजतात, धूर तुमच्यापर्यंत आणतात, तो हाताने ओढून घ्यायचा. मग दाणे कुटून जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात. तीन फेऱ्या असतात: अबोल, तोना आणि बरका. पहिलीनंतर उठणं बरं दिसत नाही. बरका म्हणजे आशीर्वाद, त्यासाठी थांबावंच. निघताना ‘अमेसेगिनालेहू’, म्हणजे धन्यवाद, म्हणा. मी अडखळत म्हटलं तेव्हा कॉफी करणाऱ्या बाईने माझा हात दोन्ही हातांत धरला होता.

आता घड्याळ. इथे चूक झाली तर विमान जातं. इथिओपियात दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात हा त्यांचा एक. मी टॅक्सीवाल्याला दुपारी तीनला बोलावलं, तो ‘नऊ वाजता येतो’ म्हणाला आणि माझ्या पोटात गोळा आला. नऊ म्हणजे तीनच होते. तेव्हापासून मी वेळ ठरवताना मनगटावरचं घड्याळ पुढे करून काट्यावर बोट ठेवते. तिकिटावरची आणि विमानतळावरची वेळ नेहमीची असते, भारताच्या अडीच तास मागे. मोबाइलचं घड्याळ बदललंय ना, ते उतरल्या उतरल्या बघा.

पैसे थोडेच बदला, बिर म्हणजे तिथलं चलन उरलं तर बाहेर उपयोग नाही. भाडं बसण्याआधीच ठरवा. परतताना इमारतीच्या दारातच पहिली तपासणी होते आणि तिकीट दाखवावं लागतं, तेव्हा पुढच्या प्रवासाचा कागद छापून जवळ ठेवा. मोबाइल ऐनवेळी बंद पडू शकतो. भाजलेल्या कॉफीचं पाकीट घेतलंत तर कपड्यांत गुंडाळा, नाहीतर घरी पोहोचेपर्यंत सगळ्या पिशवीला वास लागतो. माझ्या शालीला तो अजून आहे.