ग्लॉसी की मॅट: लॅपटॉप घेण्याआधी खोलीतली खिडकी बघा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात ग्लॉसी, म्हणजे चकचकीत, स्क्रीन नजरेत लगेच भरते. ब्राइटनेस पूर्ण वाढवलेला, काळ्या पार्श्वभूमीवर भडक रंगांचा डेमो व्हिडिओ, आणि बघायला दोनच मिनिटं. पण हाच लॅपटॉप पुढची चार वर्षं दहा बाय बाराच्या खोलीत चालायचा असतो. तिथे टेबल भिंतीला लावलेलं, पाठीमागे एकुलती एक खिडकी आणि डोक्यावर ट्यूबलाइट.

प्रक्रिया न केलेली गुळगुळीत काच तिच्यावर पडणाऱ्या उजेडापैकी साधारण ४ टक्के आरशासारखा परत फेकते. आकडा लहान वाटतो. पण खिडकीतून दिसणारं दुपारचं आकाश ५००० निट्सचं (निट हे उजळपणाचं माप) धरलं, तर ४ टक्के म्हणजे २०० निट्स झाले, आणि स्वस्त लॅपटॉपची स्क्रीन असते २५० निट्सची! म्हणून डार्क थीममध्ये कोड लिहायला बसलात की कोडच्या ओळींवर खिडकीचं ग्रिल आणि स्वतःचा चेहरा स्पष्ट दिसतो. मॅट, म्हणजे चमक नसलेली, किंचित खरबरीत स्क्रीन हा उजेड नाहीसा करत नाही, फक्त पसरवते. ग्रिलच्या जागी फिकट धुरकट डाग दिसतो, काळा रंग थोडा राखाडी होतो आणि पांढऱ्या एक्सेल शीटवर बारीक रवाळपणा जाणवतो. अक्षरं मात्र वाचता येतात.

कोडिंग, अकाउंट्स, पीडीएफवरचा अभ्यास यांसाठी मॅटच घ्या, किमान ३०० निट्सची. डिझाइन किंवा व्हिडिओ एडिटिंग शिकणाऱ्यांनी आधी रंगांचा आकडा बघावा: १०० टक्के एसआरजीबी (संगणकावरच्या रंगांचा प्रमाणित पल्ला). स्पेसिफिकेशनमध्ये ‘४५ टक्के एनटीएससी’ (रंगांचा पल्ला मोजायचं जुनं टीव्हीचं माप) असेल तर रंग तोकडे पडतात, लाल रंग विटकरी दिसतो. स्वस्त मॅट स्क्रीन फिक्या दिसतात त्या बहुतेक वेळा अशा तोकड्या रंगांच्या पॅनेलमुळे. दोष उगाच मॅटच्या माथी मारला जातो. ओलेड (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारी स्क्रीन) आणि टचस्क्रीन बहुतेक ग्लॉसीच मिळतात.

दुकानात स्क्रीन बंद करायला सांगा. काळ्या पडद्यात छताच्या दिव्याची कड रेखीव दिसली तर ग्लॉसी, पसरट ठिपका दिसला तर मॅट. मग ब्राइटनेस निम्म्यावर आणा, आधी कोरं पांढरं पान आणि नंतर पूर्ण काळं चित्र उघडा, आणि लॅपटॉप दाराशी नेऊन स्वतः उजेडाकडे पाठ करून बघा. दुकानदार कुरकुर करेल, तरी हे कराच.

ग्लॉसी आधीच घेतला असेल तर टेबल असं फिरवा की खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येईल, आणि दिवसा लाइट थीम ठेवा. वरून लावायच्या मॅट फिल्मचा मोह जपून करा. झाकण आणि कीबोर्ड यांच्यातली फट काही लॅपटॉपमध्ये इतकी कमी असते की फिल्मच्या जाडीमुळे झाकण नीट बसत नाही आणि बंद करताना काचेवर दाब येतो. लावताना धुळीचा एक कण आत राहिला तरी तिथे फुगा धरतो.

पुसायला मायक्रोफायबर कापड पाण्याने जेमतेम ओलसर करा. स्क्रीनवर थेट फवारू नका, पाणी खालच्या कडेतून आत उतरतं. अमोनियाचं काच-क्लीनर दोन्ही प्रकारांच्या कोटिंगला घातक. मॅट स्क्रीनवरचा डाग नखाने किंवा जोर लावून घासलात तर तेवढीच जागा गुळगुळीत होऊन चमकू लागते, आणि ती पुन्हा मॅट होत नाही.