सीएमबीच्या आलेखात शिखर दिसत नाही? या चुका टाळा

सीएमबी म्हणजे महास्फोटानंतर उरलेलं, साऱ्या आकाशातून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण. त्याच्या तापमानातले बारीक चढउतार किती आकाराच्या तुकड्यांत किती आहेत, हे आलेखात काढतात. दर जानेवारीत आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या घरी एमएस्सीची मुलं लॅपटॉप घेऊन येतात आणि तक्रार ठरलेली असते : "सर, शिखरच येत नाही." प्लँक या अवकाशयानाने टिपलेला सीएमबीचा नकाशा उतरवलेला असतो, पायथॉनमध्ये हीलपाय हे असे नकाशे हाताळणारं सॉफ्टवेअरही चाललेलं असतं, पण एल (हा आकडा जितका मोठा, तितका आकाशातला तुकडा लहान) 220 पाशी, म्हणजे आकाशातल्या साधारण 1 अंशाला, जो उंचवटा हवा तो गायब.

आधी बघा, नुसता सी-एल, म्हणजे त्या त्या एलला चढउतार किती ते सांगणारा आकडा, काढलाय का? तो घसरतच जातो, शिखर त्यात दबतं. त्याला एल गुणिले (एल अधिक 1) ने गुणा आणि 2 पाय (π) ने भागा. उंचवटा सुमारे 5700 वर्ग मायक्रोकेल्विनवर येईल. दशांशचिन्हापुढे आठ शून्यं दिसली तर घाबरू नका. प्लँकचा नकाशा केल्विनमध्ये असतो, त्याला आधी 10 लाखांनी गुणायचं राहिलंय.

तरीही आकडे भलतेच मोठे? मग मास्क, म्हणजे आकाशगंगेचा पट्टा झाकून टाकणारा थर, विसरलात. आपल्या आकाशगंगेची धूळही सूक्ष्मलहरी सोडते. 2014 मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-2 दुर्बिणीच्या गटाने आदिम, म्हणजे विश्वाच्या आरंभीच्या, गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचं जाहीर केलं. पुढे प्लँकच्या मोजणीशी ताडल्यावर त्यातला मोठा भाग धुळीचाच निघाला. एवढे जाणते लोक जिथे फसले, तिथे आपण मास्क टाळायचा नाही. तो लावल्यावर 70 टक्के आकाश उरलं, तर उत्तराला 0.7 ने भागा. हे हमखास राहतं.

नकाशा ठिगळाठिगळांचा दिसत असेल, तर नेस्टेड क्रमाची फाइल रिंग समजून वाचली आहे (नकाशाचे ठिपके फाइलमध्ये मांडायच्या या दोन पद्धती).

अहवालात 'महास्फोटाचा फोटो' लिहू नका, कळकळीने सांगतो. हा प्रकाश त्यानंतर सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांनी मोकळा झाला. तोवर सुट्या इलेक्ट्रॉनवर तो आपटत राहायचा, धुक्यातल्या दिव्यासारखा. विश्व 3000 केल्विनपर्यंत निवलं, अणू जुळले, वाट खुली झाली. आज तो 2.725 केल्विनचा उरलाय.

आणखी एक, आपल्या गावाचं म्हणून. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर 1938 साली कोल्हापुरात जन्मले. 'ते सीएमबी मानत नव्हते' असं मुलं बिनधास्त लिहितात. ते चूक आहे. प्रारण त्यांना मान्यच होतं. त्याचा उगम ते वेगळा सांगत. हॉईल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांसोबत त्यांनी मांडलं की लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी ताऱ्यांचा प्रकाश शोषून सूक्ष्मलहरींत बदलला असावा. तुम्ही काढलेली शिखरं मात्र महास्फोटाच्या गणिताशी नेमकी जुळतात, आणि तोंडी परीक्षेत हेच 'का' विचारलं जातं.