चुंबकाच्या साहाय्याने सूक्ष्मरोबो चालवताना

पेशींचे ठोकळे जोडून ऊती बांधण्यासाठी चुंबकीय क्षेत्राने चालणारा अतिसूक्ष्म रोबो, म्हणजे सूक्ष्मरोबो, वापरता येतो. तो पेट्री डिशमध्ये सोडण्यापूर्वी कॉइलची, म्हणजे चुंबकीय क्षेत्र निर्माण करणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांची, मांडणी तपासावी. हेल्महोल्ट्झ जोडीतील, म्हणजे एकाच अक्षावर समोरासमोर ठेवलेल्या, दोन सारख्या कॉइलमधले अंतर त्यांच्या त्रिज्येइतके ठेवले, तर मध्यभागी जवळजवळ एकसमान चुंबकीय क्षेत्र मिळते. मात्र असे क्षेत्र रोबोला फक्त वळवते, ओढत नाही, आणि नवख्यांची गल्लत नेमकी इथेच होते. ओढण्यासाठी क्षेत्राची तीव्रता जागेनुसार बदलती असावी लागते. रोबो मळसूत्री आकाराचा असेल, तर परस्परांना लंब असलेल्या तीन जोड्यांतून फिरते क्षेत्र निर्माण करावे, म्हणजे तो स्क्रूसारखा द्रवातून पुढे सरकतो. वारंवारता हळूहळूच वाढवावी, कारण ठरावीक मर्यादेपलीकडे त्याला क्षेत्राबरोबर फिरणे जमत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तो अडखळताना दिसतो आणि त्याचा वेग एकदम घटतो.

पेशीयुक्त हायड्रोजेलचे (पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ जेलचे) ठोकळे रोबोने ढकलून एकमेकांना भिडवावेत आणि मग प्रकाशाने सांधावेत. ठोकळे जाड नसावेत, कारण रक्तवाहिन्यांविना ऑक्सिजन साधारण 100 ते 200 मायक्रोमीटरपर्यंतच पुरेसा पोहोचतो. कॉइल तापतात, तेव्हा माध्यमाचे तापमान 37 अंश सेल्सिअसच्या वर जात नाही ना, हे पाहत राहावे. जोडणी झाल्यावर रोबो चुंबकानेच बाहेर काढून घ्यावा.