चाकं टेकली तरी पाय सोडू नका

जूनची दुपार, डावीकडून वारा, सेसना १५२ या दोन आसनी छोट्या विमानात मी एकटी. लॉगबुकात उड्डाणाचे ४१ तास. चाकं अलगद टेकली आणि मी मनात म्हटलं, झालं! योक (विमानाचं हँडल) सरळ केला, पेडलवरचे पाय सैल सोडले. दोन-तीन सेकंदांत डावा पंख उचलला गेला, नाक डावीकडे वळलं. घाबरून उजवा पाय दाबला, तो नेमका पेडलच्या वरच्या टोकाला असलेल्या ब्रेकवर. विमान गर्रकन उजवीकडे फिरून ओल्या गवतात गेलं, नाक खाली आपटलं. मला खरचटलंही नाही, पण प्रॉपेलरच्या वाकलेल्या टोकांवरचा चिखल अजून डोळ्यांसमोर आहे. आता मी इन्स्ट्रक्टर आहे, आणि त्या शेवटच्या काही सेकंदांबाबत फार हट्टी आहे.

आधी वेग सांभाळा. १५२ ला फ्लॅप (पंखांमागचे खाली वळणारे पत्रे) टाकून फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, ५५ ते ६५ नॉट (ताशी सागरी मैल) पुरतात. 'असू दे थोडा जास्त' म्हणून ७० घेऊन येणारे पुष्कळ. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ६० ऐवजी ७० ला ती ३६ टक्के जास्त. मग जमिनीलगत विमान तरंगतच राहतं. धीर सुटून योक पुढे ढकललात की नाकाचं चाक आधी टेकतं, मुख्य चाकांवर भार राहत नाही आणि विमान त्या एका चाकावर भोवऱ्यासारखं फिरू शकतं. तरंगतंय तर तरंगू द्या. नजर रनवेच्या पलीकडच्या टोकावर ठेवा आणि योक हळूहळू मागे घेत राहा.

बाजूच्या वाऱ्याचा हिशेब घड्याळावर करा. रनवे २९, म्हणजे दिशा २९० अंश; वारा २४० अंशांवरून १४ नॉट. कोन ५० अंशांचा. अंशांना मिनिटं समजा: ५० मिनिटं म्हणजे तासाचे पाच षष्ठांश, तेवढाच वाऱ्याचा भाग घ्या: जवळपास १२ नॉट. कोन ६० किंवा जास्त असेल तर पूर्ण वारा धरा. १५२ च्या हँडबुकात बाजूच्या वाऱ्याचा चाचणीत दाखवलेला आकडा १२ आहे, थोड्या मोठ्या सेसना १७२ चा १५. हे आकडे कसलेल्या हातांचे आहेत. माझ्या सोलो (एकट्याने उडणाऱ्या) विद्यार्थ्याला मी ८ च्या वर सोडत नाही.

आता मुख्य गोष्ट. वारा डावीकडून असेल तर डावा पंख किंचित खाली, आणि उजव्या रडरने (शेपटीवरचं सुकाणू, पायाने चालतं) नाक रनवेच्या मधल्या रेघेवर. पंख वाहून जाणं थांबवतो, रडर नाक सरळ ठेवतो; ही दोन कामं डोक्यात वेगळी ठेवा. डावं चाक आधी टेकेल, मग उजवं. घाबरू नका, असंच टेकायला हवं. सेसनात नाकाचं चाक रडर पेडलला जोडलेलं असतं, म्हणून ते खाली येताना पाय मध्याकडे आणा, नाहीतर टेकताक्षणी विमान एका बाजूला ओढेल. आणि योक? वेग उतरेल तसा डावीकडे जास्त, थांबेपर्यंत पूर्ण डावीकडे. वेग कमी झाला की एलेरॉनची (पंखांच्या टोकांकडचे, योकने हलणारे पत्रे) पकड कमी होते, वारा मात्र तेवढाच असतो. मी नेमकं उलट केलं होतं. टाचा जमिनीवर ठेवा, म्हणजे पाय चुकून ब्रेकवर चढणार नाही.

विमान उसळलं तर नाक खाली ढकलू नका. उसळी लहान असेल तर नाक आहे तसंच धरा, किंचित पॉवर द्या, पुन्हा टेकू द्या. मोठी असेल किंवा दुसऱ्यांदा उसळलं, तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायचं. पूर्ण पॉवर, कार्बोरेटर हीट (कार्बोरेटरमध्ये बर्फ होऊ नये म्हणून दिलेली गरम हवा) बंद, फ्लॅप लगेच २० अंशांवर. पॉवर देताच नाक वर आणि डावीकडे जाईल. ट्रिम (योकवरचा जोर कमी करणारी जुळणी) लँडिंगचा असल्याने योक चांगलाच पुढे रेटावा लागेल, उजवा पायही लागेल. विद्यार्थ्याने गो-अराउंड केला म्हणून मी कधीच रागावले नाही.

रनवे सोडून त्याच्या हद्दीच्या रेघेपलीकडे थांबल्यावरच फ्लॅपला हात लावा. पार्किंगकडे जाताना वारा समोरून असेल तर योक वाऱ्याच्या बाजूला, मागून असेल तर वाऱ्यापासून दूर आणि पुढे. इंजिन बंद करून चाकांना ठोकळे लावेपर्यंत हे चालूच ठेवायचं.