जुळ्यांना रात्री कुठे झोपवाल? पलंगाला जोडायचा पाळणा घेताना या चुका टाळा

जुळी आहेत असं सोनोग्राफीत कळलं की घरात पहिली चर्चा पाळण्याची सुरू होते. कोणी म्हापशाच्या बाजारात चौकशी करतं, कोणी मोबाइलवर पलंगाला जोडायच्या पाळण्यांचे फोटो पाठवतं. पलंगाची उंची किती, गादी किती जाड, खोलीत आणखी कोण झोपणार, हे मात्र कोणी विचारत नाही. मग पाळणा येतो, आईच्या पलंगाला नीट लागत नाही आणि मधली फट बुजवायला कोणीतरी गोधडी कोंबतं. खरा धोका त्या फटीत आहे. म्हणून आधी आईचा पलंग मोजा, रात्री कोण कुठे झोपणार ते ठरवा आणि मगच पाळण्याचे पैसे द्या.

हवं काय ते आधी सांगते. दोन बाळांना दोन वेगळ्या जागा. दोन्ही टणक, सपाट आणि रिकाम्या, आईचा हात पोचेल अशा अंतरावर. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या सूचनांमध्ये बाळाने निदान पहिले सहा महिने आईवडिलांच्या खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या बिछान्यावर झोपावं असं म्हटलं आहे. झोपेत अचानक होणारे बाळांचे मृत्यू बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत होतात आणि त्यातही पहिल्या ते चौथ्या महिन्यादरम्यान सर्वाधिक. जुळी बऱ्याचदा दिवस पुरे होण्याआधी आणि कमी वजनाची जन्मतात. अशा बाळांना हा धोका जास्त असतो. त्यामुळे 'आमच्या थोरल्याला आम्ही कुशीतच झोपवलं, काही झालं नाही' हा अनुभव इथे चालवू नका.

दोघांना एकाच पाळण्यात झोपवणं

'पोटात नऊ महिने एकत्र होती, आता वेगळी कशाला?' हे आजी मायेने म्हणतात. पण पोटात बाळं नाकाने श्वास घेत नव्हती. बाहेर आल्यावर एकाचा हात दुसऱ्याच्या तोंडावर आला किंवा एकाचं दुपटं सरकून दुसऱ्याच्या नाकावर गेलं, तर ते बाजूला करायची ताकद दोघांतही नसते. ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत बाळांच्या मोठ्या, कठडे असलेल्या कॉटमध्ये जुळ्यांना एकत्र ठेवायला मुभा देतात, तीसुद्धा अटी घालून. लहान टोपलीवजा पाळण्यात नाहीच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला पहिल्या दिवसापासून वेगळं झोपवण्याचा आहे. पलंगाला जोडायचा पाळणा साधारण ९० सेंटिमीटर लांब आणि ५० रुंद असतो. तो एका बाळासाठीच बनवलेला असतो, वजनाची मर्यादाही एकाचीच धरलेली असते.

बारशाला दोघांना एका पाळण्यात घालून पाळणा जरूर म्हणा, फोटो काढा. समारंभ उरकला की दोघांना आपापल्या जागी ठेवा. छताला टांगलेल्या पाळण्यात किंवा साडीच्या झोळीत दोघांना ठेवलं तर दोघंही मधल्या खोलगट भागात घरंगळतात. झोळीत एकटं बाळही रात्रभर नको. पाठीला बाक येतो, हनुवटी छातीला टेकते आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळाची श्वासाची वाट तेवढ्यानेही अरुंद होऊ शकते.

पलंग न बघता पाळणा घेणं

ही चूक सगळ्यात जास्त घरांत दिसते, म्हणून इथे जरा थांबते.

जोडायच्या पाळण्याची एक बाजू खाली येते आणि तो आईच्या गादीला लागून बसतो. हे सुरक्षित राहतं ते दोन अटींवर: दोन्ही गाद्या एका पातळीत असाव्यात आणि मध्ये फट नसावी. आपल्याकडचे पलंग या हिशोबाने बनवलेले नसतात. गोव्यातल्या जुन्या घरांतल्या शिसवी पलंगांना उंच काठ असतो, गादी त्याच्या आत बसते. पर्वरी, फोंड्याच्या फ्लॅटमधल्या खणांच्या पलंगांनाही गादी सरकू नये म्हणून फळीची कड असते. डिचोलीतल्या एका घरात पाहिलं, पलंगाची कड गादीच्या वर चार बोटं आलेली होती. पाळणा कडेला घट्ट लावलेला, तरी पाळण्याची गादी आणि आईची गादी यांच्यामध्ये फळीच्या जाडीचा खंदक. त्यात चादर घडी करून बसवली होती. संध्याकाळी ती चपखल दिसत होती. सकाळी पाहिली तेव्हा आईच्या कुशी बदलण्याने दबून आत गेली होती आणि बाळाचा चेहरा मावेल एवढी पोकळी झाली होती.

फट आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही. पाळणा जोडा, त्याच्यासोबत येणारा पट्टा पलंगाच्या दुसऱ्या बाजूपर्यंत नेऊन ओढून बांधा. पाळण्याच्या कडेला तांदळाची पाच किलोची पिशवी ठेवा. आता पलंगावर आई जिथे झोपणार तिथे एका मोठ्या माणसाला झोपवा आणि चारपाच वेळा कुशीवर वळायला सांगा. मऊ गादी वजनाने खाली दबते आणि मघाशी नसलेली फट तेव्हा उघडते. पाळणा तसूभरही सरकला, बोट आत गेलं किंवा पातळीत उतार आला, तर तो पाळणा त्या पलंगाला जोडू नका. कपडा, उशी, थर्मोकोल, काहीही भरून ते दुरुस्त होत नाही. खाली केलेली बाजू पुन्हा वर करून लॉक करा आणि तोच पाळणा सुटा, पलंगाशेजारी हाताच्या अंतरावर ठेवा. पैसे वाया जात नाहीत आणि रात्री उठून फक्त हात लांब करावा लागतो.

दोन पाळणे मांडायचे कसे हा पुढचा प्रश्न. पहिली कल्पना येते ती आई मध्ये आणि दोन बाजूंना दोन पाळणे अशी. दिसायला छान, पण आईचं सिझेरियन झालं असेल तर तिला पलंगावरून उतरायला जागाच उरत नाही. टाके असताना पायथ्यापर्यंत सरकत जाऊन उठायचं, तेही रात्रीतून चारदा, हे हाल आहेत. आपला पलंग साधारण १९० ते १९८ सेंटिमीटर लांब असतो. ९० सेंटिमीटरचे दोन पाळणे एकाच बाजूला एकापुढे एक बसू शकतात. मात्र बाहेरची चौकट धरून मोजा, आतली गादी नव्हे. दुसरा पाळणा आईच्या पायांपाशी येतो, त्यामुळे जास्त रडणारं किंवा वजनाने कमी असलेलं बाळ उशाकडे ठेवा. मला जास्त पटणारी मांडणी अशी: एक पाळणा आईच्या उशाशी, दुसरा वडिलांच्या बाजूला, आणि आईच्या बाजूला पायथ्याकडे पाय खाली सोडून उठण्याइतकी मोकळी जागा. दुसऱ्या बाळाला उचलून आईकडे देण्याचं काम वडिलांचं. पलंग भिंतीला लागून असेल तर तो आधी पुढे ओढा. भिंत आणि पलंग यांच्या सांदीत पाळणा बसवू नका.

मऊ म्हणजे चांगलं असं समजणं

सावरीच्या कापसाची नवी गादी, डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी, दोन बाजूंना दोन लोड, वर नक्षीचं दुपटं. घरच्यांचं सगळं प्रेम त्या पाळण्यात असतं, आणि बाळ झोपलेलं असताना यातलं काहीच तिथे नको. तळहात गादीवर दाबून उचला. हाताचा ठसा राहिला तर गादी मऊ आहे. गादी आणि पाळण्याची कड यांत दोन बोटांपेक्षा जास्त जागा नसावी. वर ताणून बसवलेली एक चादर पुरे. मेणकापड घालायचं तर चादरीखाली, न चुरगळता. पाळण्याभोवती बांधायचे कापसाचे बंपर आणि १० अंशांपेक्षा जास्त कललेले झोपाळे अमेरिकेने २०२२ साली कायदा करून विक्रीतून काढले. आपल्याकडे ते पाळण्याबरोबर भेट म्हणूनही येतात. आले तर उचलून ठेवा.

'दूध उलटून घशात जाईल' या भीतीने बाळाला कुशीवर किंवा उतारावर झोपवतात. उताण्या बाळाची श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली. उलटलेलं दूध वर चढून श्वासनलिकेत जाण्यापेक्षा परत अन्ननलिकेत जाणं सोपं असतं. पालथं झोपवलं की हे उलटं होतं. प्रत्येक झोप, दुपारचीसुद्धा, उताणीच. इस्पितळाच्या नवजात कक्षात तुमच्या बाळाला पालथं ठेवलेलं तुम्ही पाहिलं असेल. तिथे त्याच्या अंगाला यंत्र लावलेलं असतं आणि नर्स जागी असते. ती पद्धत घरी आणू नका. डॉक्टरांनी तुमच्या बाळासाठी वेगळं काही सांगितलं असेल तर अर्थात त्यांचं ऐका.

पावसाळा, डास आणि धुरी

जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतींनाही ओल येते, गादीला बुरशी धरते. पाळण्याची गादी रोज उचलून उभी करा आणि खालची बाजू बघा. कुबट वास आला तर ती गादी बदला. मच्छरदाणी लावाच, पण ताणून, बाहेरून; तिचा घोळ पाळण्यात लोंबता कामा नये. दोन पाळणे आणि पलंग मिळून एकच मोठी जाळी छताला टांगली तर सोपं पडतं. छत्रीसारख्या उघडणाऱ्या जाळीबरोबर येणारी गुबगुबीत गादी आणि उशी मात्र काढून टाका. कॉइलचा धूर बाळांच्या खोलीत नको, विडी-सिगारेटचा तर घरातच नको.

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची रीत अजून बऱ्याच घरांत आहे. दारं-खिडक्या लावून कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, डोळ्यांना काही दिसत नाही. बाळं झोपतात त्या खोलीत निखारे नेऊच नका.

कपड्यांचंही तसंच. रात्री उकडत असताना दोन झबली, कुंची, वर लोकरीचा स्वेटर असा थाट नको. हातपाय गार लागतात म्हणून घाबरू नका, मानेमागे आणि छातीवर हात लावून बघा. तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करा. झोपताना टोपी काढा. पंखा मंद चालू राहू द्या. वजन कमी असल्याने 'ऊब द्या' असं गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजातून) किंवा तुमच्या इस्पितळातून सांगितलं असेल तर त्याचा उत्तम मार्ग आईच्या उघड्या छातीशी धरणं हा आहे. कमी वजनाच्या बाळांना दिवसातले ८ ते २४ तास असं धरावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं. वडील, आजीही हे करू शकतात. कसं बांधायचं, कसं टेकायचं ते इस्पितळातच शिकून घ्या. डुलकी येऊ लागली की बाळ दुसऱ्याकडे द्या.

रात्रीच्या पाजण्यात होणारी गफलत

पाळणे उत्तम आहेत, पण पहाटे तीनला आई दोघांना घेऊन सोफ्यावर बसली आणि तिथेच डोळा लागला, तर त्या पाळण्यांचा उपयोग काय? सोफा किंवा आरामखुर्ची ही बाळासोबत झोप लागण्याची सगळ्यात वाईट जागा आहे. बाळ माणूस आणि गादीच्या मध्ये घसरतं. झोप आवरत नसेल तर त्यापेक्षा पलंगावर बसून पाजा, आधी उश्या-पांघरुणं दूर करून, आणि जाग आली की बाळ त्याच्या जागी ठेवा. दोघांना एकदम पाजत असाल तर एक माणूस जागा हवाच. आईने झोप आणणारं औषध घेतलं असेल तर त्या रात्री उचलण्या-ठेवण्याची जबाबदारी दुसऱ्याने घ्यावी.

गणपतीच्या चवथीला घर पाहुण्यांनी भरतं. बाळंतिणीच्या खोलीत दोन मावश्या, एक चुलत भावंड, आणि पाळणे सरकवून कोपऱ्यात. बाळं मोठ्या पलंगावर उश्यांच्या मध्ये जातात ती बहुधा याच दिवसांत. पाहुण्यांना माजघरात गाद्या घाला. पाळणे हलवू नका.

नेहमीच्या अडचणी

एक रडलं की दुसरं उठतं ही तक्रार सगळ्यांची. बहुतेक जुळी काही आठवड्यांत एकमेकांच्या आवाजाला सरावतात, एकाला दुसऱ्या खोलीत हलवण्याची घाई नको. डोकं एका बाजूने चपटं होतंय असं वाटलं तर कारण बहुधा मांडणीत असतं: बाळ सतत आईकडे मान वळवून झोपतं. एक दिवस उशाकडे डोकं, दुसऱ्या दिवशी पायथ्याकडे, असं आलटून पालटून ठेवा आणि जागं असताना नजरेसमोर पालथं खेळवा. तरी फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. गुंडाळून झोपवत असाल तर पाय गुडघ्यात दुमडता येतील इतकं सैल ठेवा. वळण्याची पहिली धडपड दिसली की गुंडाळणं त्या दिवसापासून बंद.

पाळणा सोडण्याची वेळही तीच. हातांवर जोर देऊन अंग उचलायला किंवा कुशीवर वळायला लागलेलं बाळ कमी उंचीच्या कडांवरून खाली पडू शकतं, म्हणून त्याला खोल कॉटमध्ये न्यावं लागतं. पाळण्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा आधी गाठली तरी तेच. जुळ्यांमध्ये हे दोघांना एकाच आठवड्यात होत नाही. एक वळायला लागलं तर त्याचीच जागा बदला, दुसऱ्याला त्याची वेळ येईपर्यंत पाळण्यात राहू द्या. कॉटही दोन लागतील आणि त्याही आईवडिलांच्याच खोलीत. तेव्हा पाळण्यावर सगळी रक्कम खर्च करून टाकू नका.