फँटसीचा दुसरा भाग लिहिताय? जुनीच जादू दरबारात न्या

पहिला भाग संपला, दुष्ट सम्राट मेला, हिरो गादीवर बसला, आणि आता पुढे काय म्हणून बरेच जण सरळ नवीन शक्ती आणतात, आधी आग पेटवता येत होती आता वीज पाडता येते. प्लीज हे करू नका. वाचकाने तुमचे नियम मेहनतीने लक्षात ठेवलेत. अमेरिकन फँटसी लेखक ब्रँडन सँडरसनने जादूसाठी जे नियम मांडलेत त्यातला तिसरा हाच आहे, नवीन भर घालण्याआधी आहे तेच वाढवा. आणि ते वाढवायला दरबारासारखी जागा नाही.

आधी नकाशा काढा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजमंडल आहे, सीमेला लागून असलेला राजा तो शत्रू, त्याच्या पलीकडचा तो मित्र. आता बघा, पहिल्या भागात ज्या राणीने हिरोला सैन्य दिलं ती सम्राटाच्या पलीकडची होती म्हणून मित्र होती, सम्राटाचा मुलूख हिरोने घेतला आणि ती थेट शेजारी झाली. कोणी दगा दिलेला नाही तरी भांडण तयार! मला तर हे कुठल्याही छुप्या खलनायकापेक्षा भारी वाटतं.

मग जादूचा कच्चा माल बघा. समजा तुमची जादू मिठावर चालते. तर मिठागरं कोणाची, घाटातल्या चौकीवर जकात कोण घेतं, साठा कोणाच्या कोठारात? ज्याने घाटात बैल अडवले त्याने एकही बाण न सोडता राजधानीतले सगळे मांत्रिक घरी बसवले.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कटाची चाचणी घ्या, आणि त्यासाठी बारभाईंचं कारस्थान घ्या, कारण ते खरंच घडलंय. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला, राघोबादादा पेशवे झाले, पण नारायणरावाची बायको गंगाबाई गरोदर होती. नाना फडणवीस, सखारामबापू वगैरे मंडळींनी तिला पुरंदरावर नेलं आणि तिच्या नावाने कारभार सुरू केला. एप्रिल 1774 मध्ये मुलगा झाला, सवाई माधवराव, आणि जेमतेम चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. म्हणजे काही महिने सगळं राजकारण न जन्मलेल्या मुलावर उभं होतं.

यात तुमची जादू टाका. तुमच्याकडे पोटातलं बाळ ओळखणारी वैदू असेल तर? मुलगी आहे असं कळलं तर कट तिथंच संपला, म्हणून दोन्ही बाजू आधी तिलाच गाठणार, एक पैसे देऊन आणि दुसरी सुरा घेऊन. खोटं पकडणारा मांत्रिक असेल तर कारभारी मूर्ख नाहीत, ते गडावर अशीच माणसं पाठवतील ज्यांना खरं काय ते माहीतच नाही. एकेक शक्ती अशी लावून बघा, कट मोडत असेल तर कट बदला, ऐनवेळी जादू बंद पडली असं दाखवू नका, वाचकाला ते लगेच कळतं आणि रागही येतो.

आणि ज्या नियमावर शेवटी डाव उलटणार तो आधीच, अगदी किरकोळ प्रसंगात चालताना दाखवा. खोटं पकडणाऱ्यापुढे एखादा कारकून उभा राहतो, मिठाच्या हिशोबाबद्दल मनापासून चुकीचं बोलतो आणि सुटतो, बस, दोन परिच्छेद पुरे, त्यावर कोणाला काही बोलायला लावू नका.